फाशीचा कैदी आणि मराठी लेखक

बिजौलीस राहणाऱ्या आम्हा चार-सहा मराठी कुटुंबांत महिन्यातून एकदा एखादे पुस्तक वाचून त्यावर बोलण्याचा परिपाठ आहे. ह्या खेपेस अनिल बर्वे यांचे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ निघाले होते. वाचन संपले, चहा झाला, नेहमीप्रमाणे सर्वांनी माना डोलावल्या, आणि मग आमच्यातील एका वृद्ध गृहस्थांनी, ज्यांची सारी हयात सरकारी कागदपत्रांत गेली आहे, सहज विचारले, “हा पटनायक एवढा तेजस्वी नसता, नुसता एक साधा खुनी असता, तर आपल्याला त्याचे काय वाटले असते?” त्या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, देहान्त शासनाविरुद्ध लिहिणाऱ्या लेखकाची खरी परीक्षा निरपराध्याच्या किंवा वीराच्या फाशीने होत नाही. ती होते अपराध्याच्या फाशीने. आणि त्यातही अशा अपराध्याच्या, ज्याचा कोणाला काही उपयोग उरलेला नाही. ह्या कसोटीवर आपले साहित्य घासून पाहिले असता काय हाती लागते, ते आम्ही येथे पाहू इच्छितो.

प्रथम आपली भाषाच पाहावी. मराठी माणूस दुःखाचा ‘कडेलोट’ झाला म्हणतो, धोक्याच्या लाभाला ‘सुळावरची पोळी’ म्हणतो, कोणाला ‘हत्तीच्या पायी’ देतो, कोणाला ‘तोफेच्या तोंडी’. हे शब्द उच्चारताना त्यांच्या मागे एक एक माणूस उभा होता, हे आपण केव्हाच विसरलो आहोत. शिक्षेचे प्रकार गेले, पण त्यांनी भाषेत घर केले. आणि आपल्या मनावर ज्या न्यायाधीशाचा ठसा सर्वांत खोल आहे ते रामशास्त्री प्रभुणेही कशासाठी आठवले जातात? नारायणरावाच्या वधाबद्दल राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे त्यांनी तोंडावर सांगितले, ह्यासाठी. त्या निःस्पृहतेला आमचा प्रणिपात आहेच. परंतु पुढे काय घडले तेही इतिहासात नोंदलेले आहे. पकडल्या गेलेल्या गारद्यांना देहान्त शासन मिळाले. राघोबादादा १७८३ साली कोपरगावी आपल्या मरणाने मेले. नाटककार आणि कादंबरीकार रामशास्त्र्यांच्या वाक्यापाशी थांबतात. गारद्यांपाशी कोणी थांबत नाही. भाडोत्री माणसाच्या मरणात त्यांना नाट्य दिसत नसावे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या साहित्यात फाशीला दुसराच अर्थ आला, तो हुतात्म्याचा. चापेकर बंधू, १९१० साली ठाण्याच्या तुरुंगात गेलेले अनंत कान्हेरे आणि त्यांचे सोबती, १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फासावर चढलेले सोलापूरचे चौघे, त्याच वर्षी लाहोरास गेलेले राजगुरू. ह्या नावांनी मराठी घरांत फाशीचा दोर जवळजवळ पूजनीय केला. त्यात गैर काही नाही. पण एक गोष्ट मात्र झाली: फाशी म्हटली की चढणारा मोठा, चढवणारा परका, आणि बघणारे आपण शोकाकुल, असा एक साचा तयार झाला. स्वराज्य आल्यावर चढवणारे आपणच झालो. साचा मात्र तोच राहिला.

ह्या साच्याच्या अगदी मुळाशी एक विलक्षण पुस्तक आहे. दामोदर हरि चापेकर यांनी येरवड्याच्या तुरुंगात स्वतःचे वृत्त लिहिले. १८ एप्रिल १८९८ रोजी त्यांना फाशी झाली. लेखन सरकारी दप्तरात पडून राहिले, आणि वि. गो. खोबरेकर यांच्या संपादनाखाली ते मराठी वाचकांसमोर आले ते १९७४ साली. फाशीच्या छायेत लिहिलेले हे मराठी गद्य कोणी वाङ्मय म्हणून वाचल्याचे आमच्या पाहण्यात फारसे नाही. वाचले तर जाणवते की, चित्रांतला हुतात्मा आणि हा लिहिणारा तरुण एक नव्हेत. वडिलांच्या कीर्तनाबरोबरची भटकंती, तालमीचे वेड, मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासल्याचा अभिमान, सुधारकांविषयीचा जळजळीत तिरस्कार, हे सारे तो लपवाछपवी न करता सांगतो. तो आवडावा म्हणून लिहीत नाही. आपणांस त्याचे सगळे विचार पटावेत असेही नाही. आम्हांस कित्येक पटत नाहीत. परंतु हा जिवंत, हट्टी, अपुरा माणूस हीच खरी वस्तू आहे, आणि तसबिरीत तो उरला नाही. हुतात्मा केले की माणूस वाचवण्याचा प्रश्नच संपतो. मग त्याचे मरण हवेसेच होऊन बसते.

आता ‘ग्लाड’कडे वळू. राजमहेंद्रीच्या तुरुंगातला वीरभूषण पटनायक हा फाशीची शिक्षा झालेला नक्षलवादी, आणि त्याच्यासमोर शिस्तीचा, लष्करी बाण्याचा जेलर ग्लाड. दोघांची जुंपते, आणि त्या जुंपण्यात बर्वे यांची लेखणी खरोखरच पेटते. त्यांनी हे लिहिले तेव्हा ते स्वतः ऐन पंचविशीत होते; १९८४ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते गेलेही. ह्या कथेच्या नावाशी नाव जुळणारा एक माणूस प्रत्यक्षात होता. ओरिसाचे नागभूषण पटनाईक यांना १९७० च्या सुमारास फाशीची शिक्षा झाली, त्यांनी दयेचा अर्ज करण्यास नकार दिला, पुढे शिक्षा जन्मठेपेवर आली आणि ते सुटून १९९८ पर्यंत जगले. म्हणजे जिवंत माणूस वाचला. कादंबरीतला मारला गेला. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

कादंबरीतला पटनायक मरतो तो कसा? त्याला दोर नको, सैनिकासारखी गोळी हवी. ग्लाडच्या मुलीच्या बाळंतपणात जीवावरचा प्रसंग येतो तेव्हा हाच कैदी उपयोगी पडतो. आणि ज्याला त्याला लटकावण्याची घाई झाली होती तो ग्लाड अखेर त्याची इच्छा पुरी करतो. प्रेक्षागृहात ह्या जागी डोळे पाणावत. आमचेही बिजौलीस पाणावले, नाकारण्यात अर्थ नाही. पण डोळे पुसल्यावर विचार करावा, की येथे नेमक्या कशाला विरोध झाला? माणूस मारण्याला नव्हे. अपमानकारक रीतीने मारण्याला. दोराऐवजी गोळी आली एवढ्याने जणू सरकारी मृत्यूला मैत्रीचे रूप आले. बर्वे फाशीच्या विरोधात नाहीत, ते दोराच्या विरोधात आहेत, असे म्हटले तर कठोर होईल. तथापि ते खोटे होणार नाही. आणि दुसरी गोष्ट: ग्लाडच्या मनात त्या कैद्याला माणूस म्हणून जागा केव्हा मिळते? कैदी उपयोगी पडल्यावर. आमच्या गृहस्थांचा प्रश्न नेमका ह्या ठिकाणी बोट ठेवीत होता.

उपयोगाचा हा धागा एकदा दिसला की तो जागोजाग दिसू लागतो, आणि आम्ही जेथे राहतो तेथे तर तो फार जुना आहे. बिजौली हे झाशीच्या दक्षिणेचे, ललितपूरच्या वाटेवरचे गाव. ह्याच बाजूने १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोझची फौज झाशीवर चालून आली. त्या वेळी शहरात वरसईचे एक दरिद्री भिक्षुक अडकले होते, विष्णुभट गोडसे. त्यांचा ‘माझा प्रवास’ बहुतेकांनी वाचला असेल. प्रवासाच्या पाव शतकानंतर लिहिलेले हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली छापले, आणि मूळ लेखनाबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये दिली. वाचायचे तर पोतदारांचे वाचावे. वैद्यांनी सुधारलेल्या वाक्यांत भटजींची जीभ थोडी सोवळी झाली आहे.

ह्या भटजींना राजकारण फारसे कळत नाही, आणि तेच त्यांचे बळ आहे. बाईसाहेबांविषयी त्यांच्या मनात अपार भक्ती आहे. बरवासागराकडे चोरांचा उपद्रव वाढला तेव्हा राणी स्वतः तेथे गेली, काहींना फाशी दिली, काहींना कैदेत घातले, हे ते राज्याच्या बंदोबस्ताची एक बाब म्हणून सांगून जातात. आणि शहर पडल्यावर गोऱ्यांनी मांडलेले ‘बिजन’, घराघरांतून चाललेली कत्तल, हेही ते त्याच साध्या भाषेत सांगतात. राणीचे वडील मोरोपंत तांबे जखमी होऊन दतियास पोचले. तेथे पकडले गेले, झाशीस परत आणले गेले आणि फासावर दिले गेले. हे सांगताना विष्णुभट भाषण करीत नाहीत, हुतात्मा उभा करीत नाहीत. एक ओळखीचा म्हातारा गृहस्थ आश्रयासाठी गेला आणि आश्रय देणाऱ्यांनी त्याला सोपवून दिले, एवढेच त्यातून उरते. दतियाच्या लोकांना तो जिवंत ठेवण्यात उपयोग नव्हता, सोपवण्यात होता. झाशीत आजही सांगतात की मोरोपंतांना झोकनबागेत फाशी दिले. त्याच झोकनबागेत ८ जून १८५७ रोजी, किल्ल्यातून अभय घेऊन बाहेर आलेल्या इंग्रज पुरुष-बायका-मुलांची कत्तल झाली होती. आकडा साठाच्या आसपास सांगतात. शरण आलेल्यांना मारणारे आधी एक होते, मग दुसरे. बाग तीच. आपल्या मराठी कादंबऱ्यांत मोरोपंतांची फाशी येते, पण झोकनबागेतील ती मुले क्वचितच येतात. विष्णुभटांच्या शेजारी ठेवून पाहिले तर आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांची करुणा किती पक्षपाती आहे ते ध्यानात येईल.

येथील वृंदावनलाल वर्मा हे झाशीतच वकिली करणारे. त्यांच्या ‘झाँसी की रानी’ ह्या १९४६ च्या हिंदी कादंबरीत बरवासागरचा दरोडेखोर सागरसिंह पकडला जातो, तेव्हा राणी त्याला फासावर न देता आपल्या सैन्यात घेते. वर्माजींनी वकिलाच्या अनुभवाने हे रंगवले असेल, आणि राणीच्या उदारपणाचे ते चित्र मनोहर आहे. पण तेथेही तेच. सागरसिंह वाचतो, कारण त्याला घोड्यावर बसता येते आणि तलवार चालवता येते. भटजींच्या पुस्तकात ज्यांना फाशी झाली त्या इतर चोरांची नावे नाहीत. त्यांना कदाचित घोड्यावर बसता येत नसेल.

तर मग ज्याचा उपयोग संपला त्या अपराध्याचे काय, हा प्रश्न ज्याने उघडपणे रंगभूमीवर आणला तो मराठी लेखक एकच, विजय तेंडुलकर. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला आणि त्यानंतरचा गदारोळ नाना फडणवीसांच्या बदनामीवरून झाला. जातीवरून, इतिहासावरून, नाचगाण्यावरून हे नाटक इतके चर्चिले गेले आहे, की शेवटच्या दृश्यात एका माणसाला देहान्त शासन होते हेच कोणाच्या लक्षात राहिले नाही. आपण जे उत्तरेत राहतो त्यांनी तरी ते लक्षात ठेवायला हवे. कारण घाशीराम हा कनोजचा, आपल्या ह्या उत्तर प्रदेशातला. परमुलखात जाऊन तेथल्या राज्यकर्त्यांची नोकरी करणारा अंमलदार. आपण इकडे आलो, तो तिकडे गेला होता.

घाशीराम निर्दोष नाही. त्याने पोटची पोर नानांच्या पुढ्यात टाकून कोतवाली मिळवली आहे. त्याने निरपराध्यांचे हाल केले आहेत, त्याच्या कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले आहेत. प्रत्यक्षातही १७९१ साली असेच घडले आणि पुण्याच्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. नाटकात जमाव नानांच्या वाड्यावर येतो, घाशीरामचे रक्त मागतो, आणि नाना हुकूम लिहून देतात. अगदी सहज. ज्याला कोतवाल केले तो एक कागद होता, ज्याने त्याला मारले तो दुसरा कागद. सही एकाचीच. घाशीराम मेल्यावर नाना लोकांना सांगतात की संकट टळले, आता उत्सव करा. आणि पुणे नाचू लागते.

ह्या दृश्यात तेंडुलकरांनी जे पाहिले ते आपल्या दुसऱ्या कोणत्याही लेखकाने पाहिलेले नाही. अपराध्याला मारल्याने अपराधाची चौकशी संपते. घाशीरामला जिवंत ठेवले असते, त्याचा इनसाफ चालला असता, तर तो बोलला असता. आणि त्याच्या बोलण्यात नाना आले असते. मुलीचे नाव आले असते. गर्दीने मारलेल्या दगडांनी सर्वांत मोठी सोय कोणाची झाली, तर हुकूम देणाऱ्याची. प्रेक्षकाला घाशीरामचा राग आलेला असतो, तो मरावा असे त्यालाही वाटत असते, आणि नाच सुरू झाला की त्याच्या पायालाही ठेका येतो. तेवढ्यात आपण कोणाबरोबर नाचत आहोत हे त्याच्या ध्यानात येते. फाशीविरुद्ध ह्याहून समर्थ युक्तिवाद मराठीत आम्हांस माहीत नाही, आणि त्यात फाशीविरुद्ध एक वाक्यही नाही.

ह्याच्या उलट प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’. तेथे मारेकरी बोलतो, पुष्कळ बोलतो, परंतु ते बोलणे त्याला पुन्हा जुन्या साच्यात, चढणाऱ्या वीराच्या जागी, नेऊन बसवते. १९४९ साली गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी आपल्या पित्याच्या मारेकऱ्याला फाशी देऊ नये अशी विनंती केली होती, आणि ती मानली गेली नाही. १५ नोव्हेंबरास अंबाल्याला फाशी झाली. खरे नाटक त्या दोन भावांपाशी होते. ते कोणी लिहिले नाही. त्याच वर्षी ३ जून रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी, अपिलांची व्याप्ती वाढवीत बसण्यापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याकडे आपला कल आहे, अहिंसेला तत्त्व म्हणून मानणाऱ्या देशाला तेच शोभेल, असे मत मांडले होते. मराठी माणसाने काढलेले हे उद्गार मराठी साहित्यात कितीदा आठवले गेले?

आता एक असे पुस्तक, ज्याला कोणी साहित्य म्हणणार नाही. १९७६ व १९७७ साली पुण्यात दहा माणसांचे खून झाले; जोशी-अभ्यंकर खून म्हणून ते ओळखले जातात. करणारे चित्रकला शिकणारे तरुण विद्यार्थी होते. त्यांतील चौघांना १९७८ साली फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास ती अमलात आली. त्यांपैकी मुनव्वर शहा याने तुरुंगात ‘येस, आय ॲम गिल्टी’ हे आत्मकथन लिहिले. शैली म्हणून त्यात पाहण्यासारखे थोडे आहे. पश्चात्ताप कोठे खरा, कोठे दयेसाठी केलेला, हे वाचकाने आपले आपण ठरवावे. आम्हांस दोन्ही आढळले. पण नावापासून ते ज्या गोष्टीने सुरू होते तिला मराठीत तोड नाही. येथे वीर नाही, निरपराधी नाही, उपयोगी पडणारा डॉक्टर नाही. मी केले, असे म्हणणारा एक माणूस आहे, आणि म्हटल्यावरही तो जगू इच्छितो. ह्या टोळीतला आणखी एक जण होता. तो माफीचा साक्षीदार झाला, सरकारच्या उपयोगी पडला, आणि वाचला. १९८६ साली ह्या प्रकरणावर निघालेल्या चित्रपटाचे नावही ‘माफीचा साक्षीदार’ असेच आहे.

येथे वाचक आम्हांस अडवतील, आणि अडवावेच. त्या दहा माणसांचे काय? त्यांच्या घरांचे काय? आम्ही त्या घरांना क्षमा शिकवू इच्छीत नाही. तो अधिकार कोणा लेखकाला नाही, टीकाकाराला तर नाहीच. त्यांना क्रोध येणे योग्य आहे आणि तो आयुष्यभर राहिला तरी योग्य आहे. प्रश्न त्यांच्या क्रोधाचा नसून आपल्या सहीचा आहे. आपण, म्हणजे सरकार, आणि सरकार म्हणजे ह्या मासिकाचे बहुसंख्य वाचक.

कारण ह्या चौघांच्या मरणाला एक कागदी बाजूही आहे, आणि साहित्यिकांनी ती सोडून दिली असली तरी आपल्याला सोडता येणार नाही. १९८३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने सांगितले की, फाशीची शिक्षा झाल्यावर दोन वर्षांहून अधिक काळ कैद्याला टांगणीवर ठेवले असेल तर त्याला फाशी देता येऊ नये. मार्चमध्ये दुसऱ्या खंडपीठाने हा नियम मानण्यास नकार दिला. नोव्हेंबरात येरवड्याचा दोर ओढला गेला. पुढे २१ जानेवारी २०१४ रोजी त्याच न्यायालयाने ठरवले की, दयेच्या अर्जावर अकारण झालेला दीर्घ विलंब शिक्षा कमी करण्यास पुरेसा आहे, आणि अर्ज फेटाळल्याचे कळवल्यापासून फाशीपर्यंत निदान चौदा दिवस गेले पाहिजेत. एकतीस वर्षांत न्याय बदलला. माणसे बदलता आली नाहीत.

आणि मग कोल्हापूरच्या त्या दोन बहिणींचे प्रकरण. लहान मुले पळवून त्यांतल्या काहींना मारल्याचा अपराध. ह्याहून किळसवाणा अपराध सांगणे कठीण आहे. २००१ साली फाशी, २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाकडून, २००६ साली सर्वोच्च न्यायालयाकडून कायम. दयेचे अर्ज फेटाळले गेले ते २०१४ साली. आणि १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. कोणाला दया आली म्हणून नव्हे. दयेच्या अर्जांचा निकाल लावण्यास सात वर्षे, दहा महिने आणि पंधरा दिवस लागले होते म्हणून. जलद दळणवळणाची सर्व साधने हाताशी असता कागद हलत नव्हता, आणि त्याला अंमलदारांची बेफिकिरी कारण होती, असे न्यायालयाला म्हणावे लागले. पुण्याच्या दुसऱ्या एका खटल्यात २०१९ साली असेच झाले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२४ रोजी ते कायम करताना राज्यांच्या गृहखात्यांत दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष उघडण्यास सांगितले. फाशीला विरोध करणाऱ्या आम्हांस ह्या निकालांनी आनंद व्हायला हवा. तो पुरता होत नाही. ज्या टेबलावर कागद पडून राहिला त्यावर तो पडून राहिला म्हणून जीव वाचला. शेजारच्या टेबलावरचा कारकून तत्पर असता तर दोर होता. १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ‘दुर्मिळात दुर्मिळ’ प्रकरणी फाशी, हा दंडक घालून दिला. प्रत्यक्षात कोण दुर्मिळ ठरतो ते कधी कधी आवक-जावक नोंदवहीवर ठरते.

ज्यांना वाटते की चुकीचा माणूस कधी फासापर्यंत पोचत नाही, त्यांच्यासाठी एक प्रकरण नुसते सांगून ठेवतो. २००३ सालच्या नाशिक भागातील एका खुनाच्या आणि बलात्काराच्या खटल्यात भटक्या जमातीच्या सहा जणांना २००६ मध्ये फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले. सोळा वर्षे. कोणत्याही टेबलावरून एखादा कागद तत्परतेने पुढे गेला असता, तर भरपाई घेण्यास कोण आले असते?

इंग्रजीत ऑर्वेलचा एक लहान लेख आहे, ‘अ हँगिंग’, १९३१ सालचा. ऑर्वेल ब्रह्मदेशात पोलीस अंमलदार होता. फासाकडे चाललेला कैदी वाटेतले पाण्याचे डबके चुकवून पाऊल टाकतो, आणि त्या एका पावलात त्या अंमलदाराला कळते की आपण एक जिवंत, धडधाकट देह तोडणार आहोत. कैद्याने काय गुन्हा केला होता, तो लेखात कोठेही सांगितलेला नाही. निर्दोष होता की दोषी, हा प्रश्नच लेखक येऊ देत नाही. आमच्या कसोटीला हा लेख पुरा उतरतो, आणि तो एका सरकारी नोकराने लिहिलेला आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो. मराठी माणसे दीड शतक मामलेदार, दंडाधिकारी, तुरुंगाधिकारी, सचिव म्हणून देशभर नोकरी करीत आली. फाशीच्या वेळी हजर राहणे ज्यांच्या कर्तव्यात होते असे आपल्यात थोडे नसतील. आत्मचरित्रांतून त्यांनी बदल्या लिहिल्या, साहेबांचे स्वभाव लिहिले, शिकारी लिहिल्या. त्या पहाटेविषयी मात्र आमच्या वाचनात कोणाची ओळ आलेली नाही. विष्णुभटांसारखा साधा भटजी जे पाहिले ते सांगू शकला. अंमलदाराने पाहिले ते त्याच्याबरोबर गेले.

१ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. फाशी तीत आहेच, आणि दयेच्या अर्जासाठी तीस दिवसांची मुदतही आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याचा वकील शिक्षेनंतर दिसेनासा झाला आहे, त्याला कोठडीत हे तीस दिवस कोण समजावून सांगणार, हे तुरुंगातल्या एखाद्या कनिष्ठ माणसाच्या सद्बुद्धीवर राहील. त्याच्यावर एखादे नाटक लिहिता येईल. त्यात गोळी नसेल, सैनिकाचा सलाम नसेल, बाळंतपण नसेल. एक अर्ज असेल, आणि तो वेळेत पोचतो की नाही एवढेच असेल.

बिजौलीच्या आमच्या बैठकीत पुढच्या महिन्यासाठी काय घ्यावे ह्यावर बराच खल झाला. कोणी ‘घाशीराम’ पुन्हा म्हणाले, कोणी चापेकरांचे आत्मवृत्त. अखेर ज्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला होता त्यांनीच सुचवले की २०२२ चा कोल्हापूर प्रकरणाचा निकालच वाचावा. तो वाङ्मय नाही, अशी हरकत एका बाईंनी घेतली आणि ती नोंदवून घेतली आहे. वाचन ते स्वतः करणार आहेत. त्यांची इच्छा अशी की, युक्तिवाद मागाहून पाहू; आधी कोणता कागद कोणत्या तारखेस कोठून निघाला आणि कोठे पोचला, तेवढे सावकाश वाचावे.

— बिजौली, झाशी